दहा नंबरची जर्सी

वर्गमित्रांनो, आपल्या शाळेला लोकवर्गणीतून फुटबॉलच्या अकरा जर्सी मिळाल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दहा नंबरवरून माझे आणि माझ्या मित्राचे भांडण झाले, तेही तुम्ही बघितले. चार दिवस एका बाकावर बसून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याचे म्हणणे, गोल मी जास्त करतो. माझे म्हणणे, बॉल पहिल्यांदा मी आणला.

माझी आत्या मडगावला असते. आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, फुटबॉलचे लई वेडे. फुटबॉल म्हटले की आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींचे नाव निघते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. मामांच्या तोंडी मात्र सदा गोव्याचा धेंपो क्लब. रविवारी मी त्यांना फोन लावला. म्हटले, "मामा, तुम्ही गुरुजींना सांगा, दहा नंबर मलाच द्या."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या धेंपोत दहा नंबर कुणी घालत नाही रे बाळा."

त्यांनी सांगितले ते असे. क्रिस्तियानो ज्युनियर हा ब्राझीलचा खेळाडू धेंपोकडून खेळायचा. दहा नंबर त्याचा. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर कलकत्त्याचा मोहन बागान. ज्युनियरने एक गोल केला. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो खाली पडला, तो उठलाच नाही. वय फक्त २५ वर्षे. सामना धेंपोने २-० असा जिंकला. दोन्ही गोल त्याचेच! पुढे क्लबने त्याचा नंबर कायमचा बाजूला ठेवला.

मला वाटले, असा क्लब खचून जाईल. पण त्याच हंगामात, २००४-०५ ला, धेंपोने राष्ट्रीय लीग पहिल्यांदा जिंकली. मग २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पाच वेळा! तोवर भारतात दुसऱ्या कुठल्याच क्लबला ते जमले नव्हते. पाचही वेळी प्रशिक्षक एकच, आर्मांदो कुलासो. २००८ साली तर आशियाई एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत त्यांनी धडक मारली. संघात महेश गवळी, समीर नाईक होते. ही नावे ऐकून मला आपल्याच गावातली माणसे वाटली.

पुढचे सांगताना मामांचा आवाज बारीक झाला. २०१५ ला हा पाच वेळचा विजेता खालच्या गटात घसरला. वर्षभरात दुसरा गट जिंकून वर आला खरा, पण २०१६ मध्ये देशातल्या लीगची नवी मांडणी ठरू लागली, ती पटली नाही म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. मला हे काही पटले नाही. खेळायचे सोडून कसे चालेल? मामा म्हणाले, "तुला नाही कळायचे." २०२४-२५ च्या हंगामात मात्र धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये उतरला.

दुसऱ्या दिवशी मी होऊन मित्राशी बोललो आणि त्याला सगळे सांगितले. म्हटले, आपणही दहा नंबर कुणालाच द्यायचा नाही. तो म्हणाला, "येडा का तू? जर्सी अकरा, पोरं अकरा. मग एकजण काय उघडा खेळणार?" हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मग तो म्हणाला, "तू घाल. त्याच्यासाठी घाल." मी म्हटले, "तू घाल, गोल तू करतोस."

आता भांडण उलटे झाले आहे. गुरुजी हसले आणि जर्सी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. शनिवारी सामना आहे. मी घरून माझा जुना पांढरा सदरा धुऊन ठेवला आहे. आईला अजून कारण सांगितले नाही, ती हे इथेच वाचेल.