तीन रिकाम्या चौकटी

माझा धाकटा भाऊ पुण्याला हिंजवडीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. गेली वीसेक वर्षे तो हेच काम करीत आला आहे, आणि त्या कामाविषयी त्याने मला सलग, मुद्देसूद असे कधी काही सांगितलेले नाही. त्याची मते नेहमी दुसरेच काही चाललेले असताना येतात. भुईमुगाच्या शेंगा फोडताना, कराडच्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना, मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलेली असताना तो मध्येच एखादे वाक्य टाकतो आणि पुन्हा शेंगांकडे वळतो. मी पडले मराठीची प्राध्यापिका. वाक्य कानावर आले की मनातल्या मनात त्याचे मुद्रितशोधन करायची खोड. त्यामुळे पहिली कितीतरी वर्षे मी त्याच्या मतांमधले फक्त इंग्रजी शब्द मोजले.

व्हिडिओ गेम हा आमच्या भांडणाचा जुना विषय. नव्वदच्या दशकात तालुक्याला पहिला संगणक क्लास निघाला तेव्हा वडिलांनी उसाच्या बिलातून त्याची फी भरली होती, आणि हा तिथे जाऊन 'डेव्ह' आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळतो अशी बातमी मीच घरी आणली होती. ते त्याने मनात ठेवलेले नाही असे तो म्हणतो. पण अजूनही खेळांविषयी बोलताना त्याचा सूर थोडासा खटला लढवणाऱ्याचा असतो.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत त्याने 'स्पेस इन्व्हेडर्स'ची गोष्ट सांगितली. हा खेळ १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तयार केला. वरून परग्रहवासीयांच्या पाच रांगा, प्रत्येकीत अकरा, अशी पंचावन्न जणांची फौज हळूहळू खाली सरकते आणि खेळणाऱ्याने खालून त्यांना टिपायचे असते. फौज घटत जाते तसा उरलेल्यांचा वेग वाढतो. शेवटचा एकटा उरला की तो इतका सैरावैरा धावतो की खेळणाऱ्याचे हात थरथरू लागतात. मी म्हटले, लेखकाने ताण कसा छान चढवत नेला आहे. तो हसला. म्हणाला, "ताई, ताणबीण काही नाही. त्या मशीनचा प्रोसेसर गरीब होता. पंचावन्न चित्रं काढायला त्याला वेळ लागायचा, म्हणून ती सावकाश चालायची. चित्रं कमी झाली की त्याला झेपायला लागायचं. निशिकादोनं ते पाहिलं आणि तसंच ठेवलं."

"मग यात त्याचं कर्तृत्व काय?"

"तसंच ठेवलं, हे."

एवढे बोलून तो शेंगांकडे वळला. मला मात्र त्या रात्री झोप येईना. एम.ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे आपण आशय आणि अभिव्यक्ती यांच्या एकजीवतेविषयी बोलतो. कवीने अमुक छंद का निवडला याची सविस्तर कारणे देतो, आणि ती कारणे बहुधा आपलीच असतात. माध्यमाच्या गरिबीतून काहीतरी आपोआप घडले, ते कर्त्याला दिसले, आणि त्याने हात आवरला, हे उत्तर मी कोणत्याही प्रश्नपत्रिकेत पूर्ण गुणांचे मानले नसते. पुढच्या सत्रात मी हे उदाहरण वर्गात दिले. एरवी मागच्या बाकावर पेंगणारी तीन मुले एकदम सरळ बसली, हा त्यातला अनपेक्षित लाभ.

दुसरी गोष्ट 'अ‍ॅडव्हेंचर' नावाच्या खेळाची. अटारी कंपनीसाठी वॉरन रॉबिनेट यांनी तो एकट्याने लिहिला, तोही अवघ्या चार किलोबाइटमध्ये. आज आपण मोबाइलवर शुभेच्छांचे जे चित्र पाठवतो त्यात असे कितीतरी खेळ मावतील. त्या काळी कंपनी खेळावर कर्त्याचे नाव घालत नसे. रॉबिनेटने खेळात एक गुप्त खोली करून ठेवली. एका दालनात जेमतेम दिसेल न दिसेल असा एक करडा ठिपका उचलायचा, तो ठरावीक जागी न्यायचा, की भिंतीतून वाट मिळते आणि आत त्याचे नाव झळकते. त्याने हे कोणालाही सांगितले नाही. तो कंपनी सोडून गेल्यावर, १९८० मध्ये, अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाला ती खोली सापडली.

"तुमच्या संतांनी अभंगात नाव घातलं ना, तसंच," भाऊ म्हणाला.

मी लगेच हरकत घेतली. संतांच्या नाममुद्रेला परंपरा आहे, तिच्यात कर्तेपणाची मिरवणूक नाही, आणि ती उघड आहे. भिंतीमागे दडवलेली नाही. त्याने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बरं, आणि ओवीत बाईचं नाव कुठं असतं?"

मला उत्तर देता आले नाही, आणि त्या प्रश्नाचा रोख आमच्या घराकडे होता हे दोघांनाही कळले होते. पण तिकडे वळण्यापूर्वी त्याच्या घरगुती मतांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यांच्यावरच उभे आहे.

ही मते तो स्वयंपाकघरात मांडतो. त्याचे एक मत असे की डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, डबा उघडून पाहावा. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात बेसन असते आणि 'साखर' लिहिलेल्या बरणीत मीठ, त्यामुळे या मताला घरात विरोध झाला नाही. त्याच्या धंद्यात प्रोग्रॅमच्या ओळींशेजारी माणसांसाठी टिपा लिहून ठेवतात. पुढे प्रोग्रॅम बदलतो, टीप तशीच राहते, आणि नवा माणूस टिपेवर भरवसा ठेवून फसतो. (प्रस्तावना वाचून पुस्तकावर लिहिणारे समीक्षक मला इथे आठवले, नावे घेत नाही.) दुसरे मत, चालत असलेल्या वस्तूला हात लावू नये. हे त्याने आमच्या मिक्सरविषयी काढले आणि आपल्या आळसासाठी वापरले. तिसरे मत, जी गोष्ट एकाच ठिकाणी आहे ती नाहीच असे समजावे. आई फोन नंबर वहीत लिही, शिवाय कॅलेंडरवर लिही, शिवाय कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिही. आम्ही हसायचो. हा मात्र म्हणायचा, घरात एकट्या आईलाच बॅकअप समजतो.

मला समजत नव्हता, हे मी आता कबूल करते.

२००२ साली एम.ए. करीत असताना मी आईच्या जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. तोवर रोजचे दळण गिरणीवर जाऊन जमाना झाला होता, पण लग्नाची हळद आणि सणाचे काही जात्यावर होई आणि आईचा हात खुंट्याला लागला की तोंड सुरू होई. एकशे त्रेचाळीस ओव्या झाल्या. दोनशे पानी वहीतून मी त्या तेव्हाच्या एका मराठी फॉन्टमध्ये स्वतः टंकित केल्या, आणि संगणकावर चढले म्हणजे अक्षय झाले या श्रद्धेने २००६ मध्ये घर बदलताना वही रद्दीत घातली. आई २०११ मध्ये गेली. त्यानंतर काही वर्षांनी मी फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल. त्यात जागोजागी प्रश्नचिन्हे.

भावाने फाइल नेली आणि पुढच्या दिवाळीपर्यंत काही बोलला नाही. मग भाऊबीजेच्या सकाळी, चहा पिता पिता, त्याने सांगितले ते मी माझ्या शब्दांत देते. ते जुने फॉन्ट म्हणजे सोंग होते. यंत्राच्या लेखी तिथे रोमन अक्षरेच असत, त्यांना मराठीचा मुखवटा चढवलेला असे. मुखवटा गेला की आतले उघडे पडते. शिवाय त्यांतला क्रम हाताचा होता. 'कि' लिहिताना हात पहिली वेलांटी आधी काढतो, म्हणून फाइलमध्येही ती आधी. 'अर्थ'मधला रफार हात शेवटी देतो, म्हणून तो 'थ'नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: आधी 'क' मग वेलांटी, आधी 'र्' मग 'थ'. "पहिला डोळ्यासाठी होता, हा कानासाठी आहे," तो म्हणाला. त्याने हे सगळे क्रम उलटवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. चुका हुडकायला सुरुवातीला प्रमाण मराठीची शब्दयादीही जोडली होती. ती त्याने काढून टाकली. "निम्मी आईच चुकीची ठरायला लागली."

प्रश्नचिन्हांचे कारण मात्र मी होते. कधीतरी सायबर कॅफेत बसून मी ती फाइल स्वतःलाच ईमेल केली होती. वाटेत कुठेतरी यंत्राला जी चिन्हे ओळखता आली नाहीत, त्या सगळ्यांच्या जागी त्याने एकच प्रश्नचिन्ह ठेवले. चिखल निवळता येतो, कारण त्यात माहिती असते. प्रश्नचिन्हात काही उरलेले नसते. तरी बहुतेक शब्द मागच्यापुढच्या अक्षरांवरून लागले. दहा-बारा अडले, ते मावशीने फोनवर सोडवले. शेवटी एक राहिला.

ती ओवी भाऊ बहिणीला न्यायला येतो त्याविषयीची आहे. दुसऱ्या ओळीत तो कशातून येतो ते सांगितले आहे, आणि नेमका तो शब्द गेलेला. तीन प्रश्नचिन्हे आणि पुढे दुसरी वेलांटी. क्रियापद 'आली' शाबूत, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. मी ताबडतोब म्हटले, दमणी. बैलांची हलकी गाडी. ओव्यांमधला भाऊ तिच्यातून येतोच. द, म, ण आणि वेलांटी. संख्या जुळते, लय जुळते, परंपरा जुळते. मावशीला विचारले तर ती म्हणाली, "ती काय म्हणायची कोण जाणे, मी आपली घोडी म्हणते." मौखिक परंपरेत हे असेच असते, असे मी वर्गात शिकवते, त्या दिवशी मात्र मला त्याचा राग आला. गंमत म्हणून मी ती ओवी हल्लीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रालाही दिली. त्याने क्षणात दमणी भरली आणि वर ग्रामीण संस्कृतीवर एक परिच्छेद लिहून दिला. मला फार आनंद झाला.

भाऊ म्हणाला, "दमणी नाही."

"कशावरून?"

"द आणि म या फाइलमध्ये एकदाही हरवलेले नाहीत. शेकडो वेळा आलेत, सगळे धड आहेत. तिथं दमणी असती तर दिसली असती."

पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम मी दहा वर्षे शिकवला आहे. संपादकाने आपल्याला सुचलेल्या सुंदर पाठाच्या मोहात पडू नये, हे वाक्य मी फळ्यावर लिहीत असते. मी आणि ते यंत्र, दोघेही सर्वांत अपेक्षित शब्दाकडे धावलो होतो, आणि तपासले होते ते शेंगा फोडणाऱ्याने.

मग मी हरवलेल्या चिन्हांची यादी मागितली. त्याच्याकडे ती तयार होती: ए, छ, ट, ठ, ढ, अर्धा ष आणि आणखी काही. यादी पाहता पाहता माझ्या अंगावर काटा आला. ए, अर्धा ष, ट, वेलांटी. एष्टी. आईचा भाऊ, आमचा मामा, दरवर्षी एसटीनेच यायचा. जात्यावरच्या ओवीत आगगाडी आणि मोटार केव्हाच येऊन बसली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांकडे पाहिले तरी बायांनी आपला काळ जात्यात कसा घातला ते दिसते. मी जवळजवळ ओरडलेच. आईने दमणी काढून तिथे एसटी उभी केली होती.

"बसतंय," तो म्हणाला.

"मग घाल ना."

"बसतंय म्हणजे आहे असं नाही. ठ आणि ढ पण यादीत आहेत, छ पण आहे. तू ऐकलंस ना तिच्या तोंडून? आठवतंय?"

मला आठवत नव्हते. मी लिहून घेत होते. ऐकत कुठे होते? त्यालाही ओव्या आठवत नाहीत. जात्याचा आवाज आठवतो, आणि खुंटा ढिला झाला की ती थांबून त्यावर वरवंटा मारायची तो ठोका.

आम्ही त्या दुपारी भांडलो, आणि बरेच भांडलो. मी म्हटले, मी तिची मुलगी आहे, मला एवढा अधिकार आहे. तो म्हणाला, "तू भरलंस तर पुढच्याला ते आईचं वाटेल. डब्यावर तू चिठ्ठी लावणार, आणि डबा आता कुणालाच उघडता येणार नाही." त्यावर मी त्याला क्लासच्या फीची आठवण करून दिली. हे अत्यंत असंबद्ध होते, हे मला बोलतानाच कळत होते.

यंदा त्या ओव्यांची एक छोटी पुस्तिका घरापुरती काढायचे ठरले. फाइल भावाने पाठवली. पाच ठिकाणी ठेवली आहे असे कळवले. शब्दाच्या जागी त्याने तीन रिकाम्या चौकटी घातल्या होत्या आणि शेवटी वेलांटी. तळटीप लिहायचे काम माझ्याकडे होते. 'एष्टी' हा शब्द मी तळटीपेत दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. तिसऱ्यांदा फक्त हरवलेल्या चिन्हांची यादी दिली.

परवा डीटीपीवाल्याचा फोन आला. "मॅडम, पान एकोणतीसवर फॉन्टचा घोळ झालाय. तीन डबे आलेत. काय टाकू तिथं?"

मी म्हटले, तसेच ठेवा.

"लोक म्हणतील प्रूफ नीट तपासलं नाही."

"म्हणू देत," मी म्हटले, आणि वेलांटी तेवढी हलणार नाही याची खात्री करून घेतली.