काढलं, पण टाकलं कुठे?

पावसाळ्यात हंड्यातल्या गढूळ पाण्यात आई तुरटी फिरवायची. सकाळपर्यंत पाणी नितळ व्हायचं, तळचा साका ती केळीच्या बुडाशी ओतायची. पिट्सबर्गजवळ औद्योगिक सांडपाण्याच्या शुद्धीकरणात उमेदीची वर्षं घालवूनही माझी समजूत त्यापलीकडे गेली नव्हती. पाणी निवळलं की काम झालं.

इथलं पाणी मात्र निराळं. पेनसिल्व्हेनियाच्या पोटातल्या मार्सेलस शेल खडकातून वायू काढताना समुद्राहून कितीतरी खारं पाणी वर येतं, आणि त्यात किरणोत्सारी रेडियम असतं. ते कुणी मिसळलेलं नसतं. खडकातल्या युरेनियम-थोरियमपासूनच ते तयार होतं. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2011 मध्ये दिलेला या रेडियमचा मध्यांक लिटरला 2,460 पिकोक्युरी होता. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे 5.

उपाय मला फार सुंदर वाटायचा, रसायनशास्त्र म्हणून आजही वाटतो. या पाण्यात बेरियम असतंच. सल्फेट घातलं की बेरियम सल्फेटचे पांढरे कण बनतात आणि बेरियमच्याच कुळातलं रेडियम त्या कणांत शिरून तळाला बसतं. एका गावसभेत मी हे अभिमानाने समजावून सांगितलं. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "मग ते जातं कुठे?" मी त्यांना पुन्हा किती टक्के रेडियम निघतं तेच ऐकवलं. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

2013 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांचा पेनसिल्व्हेनियातल्या ब्लॅकलिक क्रीक या ओढ्यावरचा निबंध हाती आला. तिथल्या शुद्धीकरण केंद्रात नव्वद टक्क्यांहून जास्त रेडियम निघत होतं. तरी पाणी सोडत त्या जागी ओढ्याच्या गाळात ते वरच्या अंगापेक्षा सुमारे 200 पट आढळलं. माझी टक्केवारी खोटी नव्हती. पण उरलेलं थोडं थोडं वर्षानुवर्षं ओढ्यात बसत होतं, हे तिच्यात दिसत नव्हतं. आणि काढलेलं? ते साक्यात, मूळ पाण्याहून कितीतरी दाट होऊन, ट्रकमधून कचराभूमीकडे जात होतं. कचऱ्यातून पावसाचं पाणी झिरपतं. त्या झिरप्यात रेडियम तपासायला लावायचं पेनसिल्व्हेनियाने जाहीर केलं ते 2021 मध्ये. रेडियम-226 निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात. अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरली जात असताना पुरलेलं रेडियम आजही निम्म्याहून जास्त शिल्लक असतं.

'काढून टाकलं' असं आपण सहज बोलून जातो. मी आयुष्यभर 'काढलं' याचाच हिशेब ठेवला. आता बरंचसं पाणी वायूच्या पुढच्या विहिरीसाठी पुन्हा वापरतात. ते मला बरं वाटतं, पण रेडियम त्यानेही संपत नाही.

हल्ली आराखडा हाती आला की मी शेवटच्या टोकापासून वाचतो. साका किती निघेल, त्यात रेडियम किती असेल, कुठली कचराभूमी तो घेईल, तिथला झिरपा कुठल्या नदीला मिळतो. हे चार रकाने भरल्याशिवाय पाण्याच्या पानावर मी सही करत नाही.