लॅप टायमर घेताना बाबांनी विचारलेला प्रश्न

रविवारी पहाटे नोएडाहून ग्रेटर नोएडाकडे जाणाऱ्या एक्सप्रेस-वेवर तुम्ही कधी गेला असाल, तर मोटरसायकलींचे घोळके तुम्हाला नक्की दिसले असतील. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अशाच एका घोळक्यात मीही असायचे. घरी, म्हणजे सांगलीला, आई-बाबांना एवढंच माहीत होतं की मुलगी ऑफिसला जायला बाइक वापरते.

मग एका रविवारी आमच्यातल्या एका मित्रासमोर चुकीच्या बाजूने ट्रॅक्टर आला. मित्र वाचला, पण त्याच्या पायात आजही रॉड आहे. त्या दिवसापासून रस्त्यावर वेगाने चालवणं मी बंद केलं. वेगाची ओढ मात्र तशीच राहिली. त्याच रस्त्याने पुढे गेलं की बुद्ध इंटरनॅशनल सर्किट लागतं. २०११ ते २०१३ या काळात तिथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन वेटेलने जिंकल्या. २०२३ मध्ये तिथेच मोटोजीपीही झाली. अशा ट्रॅकवर ठरावीक दिवशी पैसे भरून तुमच्या-माझ्यासारख्यांनाही स्वतःची बाइक चालवता येते. याला ट्रॅक डे म्हणतात. चामड्याचा पूर्ण सूट, चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि बूट हवेत. बाइकचे आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची. समोरून ट्रॅक्टर येत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा!

मोबाइल पुरेसा नाही का?

पहिल्या ट्रॅक डेनंतर प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो, आपली एक फेरी किती वेळात झाली? मलाही पडला. मोबाइलमध्ये जीपीएस असतंच, मग वेगळा लॅप टायमर कशाला, असा विचार करून मी एक अॅप घेतलं आणि फोन हँडलवर बसवला. दुपारच्या सत्रात फोन इतका तापला की मधेच बंद पडला. नंतर वाचनात आलं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींच्या कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते, असा इशारा अॅपलनेच २०२१ मध्ये दिला होता. म्हणजे फोन वापरायचा असेल, तर हँडलवर लावण्यापेक्षा सूटच्या आतल्या खिशात ठेवलेला बरा.

दुसरी अडचण समजून घ्यायला थोडं गणित करू या. साधारण फोन सेकंदाला एकदाच आपली जागा नोंदवतो. ताशी १०८ किलोमीटर वेगाने बाइक एका सेकंदात ३० मीटर पुढे जाते. म्हणजे दोन नोंदींमध्ये ३० मीटरची पोकळी! सेकंदाला १० नोंदी करणाऱ्या यंत्रात हीच पोकळी ३ मीटरची होते आणि २५ नोंदी करणाऱ्यात सव्वा मीटरहून कमी. शेवटची रेषा नेमकी कधी ओलांडली, हे यंत्र रेषेआधीची नोंद आणि नंतरची नोंद यांच्यावरून काढतं. नोंदी जितक्या जवळ, तितका अंदाज पक्का.

आणि जीपीएस मुळातच दोन-तीन मीटर चुकतं त्याचं काय? ती चूक साधारणपणे काही मिनिटं एकाच बाजूला राहते. त्यामुळे या फेरीची मागच्या फेरीशी तुलना करताना ती बरीचशी आपोआप वजा होते. माझ्या जन्माच्या सुमारास हे शक्यच नव्हतं. अमेरिका सामान्य लोकांचं जीपीएस मुद्दाम अंधूक ठेवत असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जाई. २ मे २००० रोजी ते बंद झालं, म्हणून आज तुम्हा-आम्हाला हे खेळणं परवडतं.

माझी चूक

दुसऱ्या ट्रॅक डेला मी एका ओळखीच्याकडून मोठ्या स्क्रीनचा टायमर मागून घेतला. इटलीच्या एम कंपनीचा सोलो २ हा अशा टायमरमधला नावाजलेला. अशी यंत्रं ट्रॅक ओळखतात, फेरी चालू असतानाच तुम्ही आपल्या सर्वोत्तम फेरीच्या पुढे आहात की मागे, हे दाखवतात. शर्यतीत उतरणाऱ्याला हे फार उपयोगाचं आहे.

मी शर्यतीत उतरणारी नव्हते. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या शेवटी चौथ्या वळणासाठी जोरात ब्रेक लावावा लागतो. मी त्या पट्ट्यावर ताशी १५० च्या आसपास होते. स्क्रीनवर आकडा चांगला दिसत होता. तो वाचायला मी नजर खाली नेली. अर्धा सेकंद असेल. त्या वेगात अर्ध्या सेकंदात बाइक २० मीटर जाते. ब्रेक उशिरा लागला, मी वळणाबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात गेले आणि कशीबशी थांबले. पडले नाही. पण हात इतके थरथरत होते की पुढचं सत्र मी सोडून दिलं.

त्या रात्री मी घरी फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. एक्सप्रेस-वेचं, मित्राचं, ट्रॅकचं. आई बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिने फोन बाबांकडे दिला.

बाबा निवृत्त क्रीडाशिक्षक. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या शर्यतींत अंतिम रेषेवर स्टॉपवॉच घेऊन उभं राहण्यात त्यांची तीस वर्षं गेली. लहानपणी त्यांनी मला सांगितलं होतं की १०० मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचं नाही, धूर दिसला की करायचं. आवाज पोहोचायला साधारण ०.३ सेकंद लागतात आणि तेवढ्यात पदक इकडचं तिकडे होतं.

मला वाटलं, ओरडतील. त्यांनी विचारलं, "काय गं, ती वेळ तू नेमकी कुणासाठी मोजत होतीस?"

"माझ्यासाठीच की, बाबा."

"मग पळताना कशाला बघायची? माझ्या एका तरी पोरानं धावताना घड्याळ बघितलं होतं का? घड्याळ रेषेवरच्या माणसाकडे असतं. पोरानं पुढं बघायचं."

मग कोणता घेतला?

या एका वाक्याने माझी निवड सोपी झाली. मी स्क्रीन नसलेला, काड्यापेटीहून थोडा मोठा टायमर घेतला. रेसबॉक्स मिनीसारखी यंत्रं या प्रकारात येतात. सेकंदाला २५ नोंदी, ब्लूटूथने फोनला जोडता येतं आणि फेऱ्यांचा हिशोब सत्र संपल्यावर अॅपमध्ये बघायचा. किंमत माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या आत बसली.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी असं यंत्र घेणार असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

आधी आयोजकांना विचारा. ब्रिटनमध्ये अनेक ट्रॅक डेंना वेळ मोजायलाच मनाई असते, कारण वेळ मोजली की लोक शर्यत लावतात आणि विम्याचा प्रश्न येतो. आपल्या आयोजकांचा नियम काय आहे, ते पैसे भरण्याआधीच कळलेलं बरं.

यंत्राला आकाश दिसलं पाहिजे. मागच्या सीटवर, वरच्या बाजूला घट्ट बसवा आणि दोरीनेही बांधा. सुटून ट्रॅकवर पडलं, तर मागून येणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. सत्राच्या पाच-दहा मिनिटं आधी मोकळ्यावर चालू करून ठेवा, म्हणजे त्याला उपग्रह नीट सापडतात.

स्क्रीनवाला टायमर आधीच घेतला असेल, तर पहिली काही सत्रं स्क्रीनवर चिकटपट्टी लावा. हसू नका, मी गंभीरपणे सांगतेय!

आणि पहिल्या दोन-तीन ट्रॅक डेंना टायमर घेऊच नका. ते पैसे प्रशिक्षणावर आणि चांगल्या हातमोज्यांवर खर्च करा.

तिसऱ्या ट्रॅक डेनंतर मी फेऱ्यांचा तक्ता बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. सगळ्यात चांगली वेळ मी मोठ्या अभिमानाने ठळक केली होती. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला. ठळक केलेल्या आकड्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

"तिसरी आणि चौथी फेरी यात अकरा सेकंदांचा फरक आहे. का?"

मी आठवून पाहिलं. चौथ्या फेरीत एक वेगवान बाइक मला ओलांडून गेली होती आणि मी तिच्या मागे लागले होते. त्यानंतरची दोन्ही वळणं माझी चुकली होती.

"मग तुझी खरी वेळ ती ठळक केलेली नाही," बाबा म्हणाले. "सलग पाच फेऱ्या एकसारख्या करून दाखव. मग वेगाचं बघू."

आता दर ट्रॅक डेनंतर तक्ता सांगलीला जातो. अजून सलग पाच फेऱ्या दोन सेकंदांच्या आत मला जमलेल्या नाहीत. चार जमल्यात.

आई तक्ता बघत नाही. तिला फक्त शेवटचं सत्र संपल्यावर माझा फोन हवा असतो आणि तो पहिल्या रिंगला उचलला जातो.