उशिरा पोचणारं कार्ड

क्यूएसएल कार्डाला घाई ठाऊक नाही. अंगानं पोस्टकार्डाएवढं, कागद जरा जाड, आणि दर्शनी बाजूला मालकाचा कॉलसाइन एवढ्या मोठ्या अक्षरांत की चष्मा नसतानाही वाचता यावा. कॉलसाइनच्या मागे डोंगर असतो, अँटेनाचा मनोरा असतो, क्वचित मालकाचा कुत्राही असतो. पुढून अशी मिरवणारी ही स्वारी पाठमोरी झाली की मात्र एकदम सरकारी होते. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, प्रकार, रिपोर्ट. रकाने ठरलेले, त्यांत भरायचं तेही ठरलेलं. दोन हौशी रेडिओवाल्यांचं, म्हणजे हॅम मंडळींचं, हवेतून बोलणं झालं की ते खरोखर झालं याची ही लेखी पावती.

माझ्यासमोर १९९१ सालचं एक कार्ड आहे, जपानहून मुंबईला आलेलं. २१ मेगाहर्ट्झ, वेळ १२:४०. ही वेळ ना त्यांची ना आपली. जपानात तेव्हा रात्रीचे नऊ चाळीस झाले होते, मुंबईत संध्याकाळचे सहा दहा. कार्ड दोघांची घड्याळं बाजूला ठेवून जागतिक वेळ सांगतं. कोपऱ्यात शंभर वॅट. म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका दिव्याला लागते तेवढ्या विजेवर आवाज जपानहून इथं पोचला होता. त्या वर्षी सूर्यावर डाग भरपूर होते, त्यामुळे वातावरणाचा वरचा थर लहरी उत्तम परतवत होता. हे चक्र साधारण अकरा वर्षांचं. ते उताराला लागलं की बँड ओस पडतात आणि 'आता ही हौस संपली' अशी कुजबुज सुरू होते. पुन्हा डाग वाढले की कुजबुजणारेच माइक हातात घेऊन बसतात. कार्डाच्या तळाशी बॉलपेननं '७३' लिहिलंय, म्हणजे हॅम लोकांचा रामराम. आणि रिपोर्टच्या रकान्यात ५९.

या गृहस्थाचा एक अवगुण इथंच सांगून टाकावा: कार्ड बाकी सगळं खरं बोलतं, रिपोर्टमध्ये मात्र सर्रास थाप मारतं. पाच म्हणजे शब्द न् शब्द कळला, नऊ म्हणजे आवाज खणखणीत. स्पर्धेच्या दिवशी तर समोरचा खरखरीत बुडालेला असला तरी त्याला 'फाइव्ह-नाइन' द्यायचा आणि लगेच विचारायचं, 'कॉलसाइन पुन्हा सांगता का?' यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सौजन्यापुढे अचूकपणाला किती मान द्यायचा, हे या मंडळींनी फार पूर्वी ठरवून टाकलंय.

कार्डाच्या आळसाला कारणही आहे. प्रत्येक कार्ड टपालानं धाडायचं तर हौस परवडत नाही. म्हणून देशोदेशीच्या हॅम संस्थांनी ब्यूरो काढले. जपानी माणूस आपली शेकडो कार्डं तिथल्या ब्यूरोकडे देणार, ब्यूरो ती देशवार लावणार, भारताचा गठ्ठा पुरेसा जाड झाला की इकडे पाठवणार, इथले स्वयंसेवक तो कॉलसाइनप्रमाणे वेगळा करणार. मिनिटभराच्या बोलण्याची पावती दोन-तीन वर्षांनी हातात पडली तरी कुणी तक्रार करत नाही. ज्यांना दम निघत नाही ते थेट लिफाफा पाठवतात, आत परतीचा लिफाफा आणि टपालखर्चासाठी डॉलरची नोट. या डॉलरला हॅम बोलीत 'ग्रीन स्टँप' म्हणतात. त्याच्यावर डोळा ठेवणारे वाटेत भेटतात, म्हणून जाणती माणसं बजावतात की बाबांनो, लिफाफ्यावर कॉलसाइन लिहू नका, चोराला आत काय आहे ते कळतं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत हॅमना आपला पत्ता हवेत सांगायची सोय नव्हती. तिथल्या सगळ्यांचा पत्ता एकच: पोस्ट बॉक्स ८८, मॉस्को. एवढ्या अवाढव्य देशाची कार्डं त्या एका पेटीतून आत जायची.

बोलणं तरी काय व्हायचं? नाव, गाव, हवामान, कुठला सेट, कुठली अँटेना. राजकारण नाही, धंदा नाही. जुन्या आंतरराष्ट्रीय नियमात यासाठी एक झकास अट होती. तांत्रिक गोष्टींखेरीज वैयक्तिक बोला, पण ते इतकं किरकोळ असावं की त्यासाठी सार्वजनिक तार-टेलिफोनचा आधार घेण्याचं कारण पडू नये. तार-टेलिफोन खात्याचं गिऱ्हाईक पळू नये, हा त्यामागचा हिशेब. आता किरकोळातलं किरकोळ बोलणं, अगदी आमटी कशी झाली इथपर्यंत, न्यू जर्सीतून नाशिकला फुकट होतं, तेही चेहरा दाखवून. ट्रंक कॉल लावून तासन् तास ताटकळणाऱ्या माणसाला जपानी आवाजाचं जे अप्रूप होतं, ते त्याच्या नातवाला कुठून असणार? हौसेला ओहोटी लागली असेल तर ती इथून लागली, असं माझं मत. मोबाइलनं रेडिओला हरवलं नाही. दूरवरच्या माणसाशी बोलण्याचं नवल तेवढं काढून घेतलं.

आकड्यांकडे पाहावं तर ते धड उत्तर देत नाहीत. जपानात १९९०च्या दशकाच्या मध्यावर हौशी केंद्रांचे परवाने तेरा लाखांवर होते. आता ते चार लाखांच्या आत आलेत. ही घसरण कुणालाही नाकारता येणार नाही. अमेरिकेत मात्र परवानाधारक अजून सात लाखांच्या वर आहेत. पण तिथला परवाना दहा वर्षांचा असतो. मधल्या काळात माणूस गेला आणि कुणी कळवलं नाही, तर तो मुदत संपेपर्यंत गणतीत राहतो. कार्डाचंही तसंच. गेलेल्या हॅमला ही मंडळी 'सायलेंट की' म्हणतात, आणि ब्यूरोच्या गठ्ठ्यातून अशा सायलेंट कीचं कार्ड येणं ही नवलाची गोष्ट नाही.

हे किरकोळ बोलणारं खेळणं एकदा अंदमानात कामाला जुंपलं गेलं. तिथून हौशी प्रसारण बरीच वर्षं बंद होतं, त्यामुळे जगभरच्या 'देश' गोळा करणाऱ्यांच्या यादीत ती जागा रिकामी होती. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांची तुकडी परवानगी मिळवून पोर्ट ब्लेअरला गेली आणि व्हीयू४आरबीआय हा कॉलसाइन हवेत आला. हजारो लोक कार्डाच्या आशेनं त्यांच्यावर तुटून पडले. २६ तारखेला त्सुनामी आली. फोन गेले. कालपर्यंत ५९ वाटणारी तीच माणसं मग कोण सुखरूप आहे, कुठं मदत हवी, हे मुख्य भूमीला कळवत बसली. ऱ्हासाची चर्चा निघाली की हॅम लोक हे उदाहरण काढतात, आणि काढावंच. फक्त एक शंका राहते. आपत्तीत उपयोगी पडावं म्हणून कुणी रात्र रात्र कानाला हेडफोन लावत नाही. लावतो तो मजेसाठी. मजा आटली की आणीबाणीला माणूस आणणार कुठून?

ती आटलीये असंही नाही, तिनं कूस बदललीय. २०१७मध्ये एफटी८ नावाची पद्धत आली. तिच्या कर्त्यांपैकी ज्यो टेलर हे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले. संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संदेश देतो-घेतो, कानाला ऐकूही येणार नाही इतका क्षीण संकेत टिपतो, दीड-दोन मिनिटांत संपर्क पुरा. हवामान नाही, गाव नाही, कुत्रा तर नाहीच. नोंद इंटरनेटवर चढवली की पावतीही तिथंच, कधी कधी चहा निवायच्या आत. ब्यूरोला काम नाही, ग्रीन स्टँपला गिऱ्हाईक नाही. एका परीनं हे लोकशाहीच म्हणायचं. सोसायटीच्या गच्चीवर मनोरा उभारू न शकणारा फ्लॅटवाला गॅलरीतल्या तारेवर ब्राझील गाठतो. मला ते पटतं, आणि तरी त्यात बसून राहावंसं वाटत नाही.

माझ्या ओळखीचे एक काका मात्र बसतात. सत्तरी ओलांडलेले, आधी एफटी८ला 'टंकलेखन' म्हणून हिणवणारे. परवा त्यांचा एका कॉलेजातल्या पोराशी असा संपर्क झाला. काकांनी कार्ड मागितलं. पोराचं उत्तर आलं, 'काका, लॉग अपलोड केलाय, कन्फर्म झालं.' काकांनी ती ऑनलाइन पावती घरच्या प्रिंटरवर काढली, कात्रीनं चारी बाजू कापल्या आणि मला दाखवली. रिपोर्टच्या रकान्यात संगणकानं मोजलेला आकडा: उणे सतरा. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पन्नास वर्षांत मला कुणी इतकं खरं सांगितलं नव्हतं." आणि अँटेना दोन फूट वर घ्यायला शिडी मागवली.