शरणपूर

नाशिकच्या जुन्या कसब्यातून पश्चिमेस निघालेली वाट ज्या मोकळ्या माळावर जाऊन पोहोचे, तेथील ती लहानशी ख्रिस्ती वस्ती आम्हां वाड्यातील मुलांच्या लेखी गावाची सरहद्द होती. रामकुंड, घाट आणि सराफबाजार यांच्या गजबजाटात वाढलेल्या वडीलधाऱ्यांनी तिच्याविषयी कधी चार शब्द काढल्याचे मला स्मरत नाही.

पुढे मुलकी खात्यात नोकरीस लागून मौजे, शिवार आणि जमाबंदी यांच्या दप्तरांत बुडालो असता जिल्ह्याचे जुने गॅझेटियर हाती आले, आणि तेथून शरणपुराची हकिकत शोधण्याचा नाद जडला तो जन्माचाच. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास ही वस्ती वसविली. गुलामांची वाहतूक करणारी गलबते हिंदी महासागरात पकडून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरत, आणि त्यांतील कित्येकांची रवानगी येथे होई. आईबाप, गाव व भाषा यांना एकदमच पारखी झालेली ती पोरे गोदाकाठी अक्षरे गिरवू लागली, सुतारकाम-लोहारकाम शिकू लागली.

आफ्रिकेच्या अखेरच्या सफरीची सिद्धता करण्यासाठी आलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६५ मध्ये यांतील काही तरुण बरोबर नेले. मागाहून गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन निवर्तला, तेव्हा त्याचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, तेथे अंत्यप्रार्थना वेनराइटने वाचली आणि त्याच्याच बुंध्यावर धन्याचे नाव कोरले. पुढल्या वर्षी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीस हात देणाऱ्यांतही तो होता. १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसविले, शरणपुरातील अनेक आफ्रिकन तिकडे गेले, आणि यथावकाश शहराने तो माळ पोटात घेतला. आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्यास वस्ती कोठे सुरू झाली हे उमगतही नाही.

दप्तरात गावाचे क्षेत्र आणि आकारणी असते. माणसे कोठून आली व कोठे गेली, यासाठी रकाना नसतो. तीर्थयात्रेस येणारा आपल्या इच्छेने येतो आणि परतीची वाट जाणून असतो; या मुलांच्या वाट्याला दोन्हीही नव्हते. तरीही आफ्रिकेत नि इंग्लंडात ती ‘नाशिकची मुले’ म्हणूनच ओळखली गेली. जेमतेम वीस वर्षे ज्या गावाने त्यांना आसरा दिला, त्याचे नाव त्यांनी दोन खंडांत नेले. पिढ्यान्‌पिढ्या येथेच नांदलेल्या आम्हां नाशिककरांनी त्यांची साधी विचारपूस करण्यास मात्र शतक लावले.