सोलरचं पाणी कोमट का?
अम्मींच्या गुडघ्यांसाठी आम्ही शहापूरच्या घरी गच्चीवर सोलर बसवला. यंदा थंडीत फजरच्या वुजूला त्यातून कोमटच पाणी येऊ लागलं. मुरबाडहून आलेला कारागीर म्हणाला, “सगळ्या काचेच्या नळ्या बदला.” खर्च मोठा होता. अम्मी म्हणाल्या, “राहू दे बेटा, थंड पाण्याने करीन.” ते ऐकवेना.

खालचा नळ चालू ठेवून आम्ही गच्चीवर गेलो. टाकीतून निघणारा पाइप चांगलाच गरम होता. म्हणजे पाणी तापत होतं. वाटेत थंड होत होतं. न्हाणीघरात मिक्सरचे गरम-थंड दोन्ही नळ उघडे होते आणि हँडशॉवर टोकाशी बंद. त्यामुळे थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरून वुजूच्या नळाला येत होतं. मिक्सरचा थंड नळ बंद केला आणि थोड्या वेळात कडकडीत पाणी आलं.

तुमच्याकडे असं झालं, तर आधी तो पाइप जपून चाचपा. गरम असेल तर दोष खाली शोधा. थंड असेल तर नळ्यांवरची धूळ, सावली आणि बोअरच्या पाण्याचा क्षार पाहा. नळ्यांचा खर्च त्यानंतर.