ठासणीची बंदूक आणि आचारसंहिता
मंडळी, मोबाईलवर परदेशातला एक हौशी गडी जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री सोलून, नवा दस्ता आणि दुर्बीण बसवताना बघितला. हात चांगला चालतो त्याचा. आपल्याकडे असं घरी केलं तर १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा, दुरुस्तीलाही परवाना लागतो. आणि गंमत म्हणजे हाच उद्योग सरकारी कारखान्याने केलाय. इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल म्हणजे त्याच थ्री-नॉट-थ्रीची बहीण, नळी मात्र वेगळी. इंग्रजांपासूनचं धोरण, फौजेची गोळी लोकांच्या बंदुकीत बसता कामा नये.

ती तरी पाचाडच्या शेतकऱ्याला कुठली परवडायला? त्याची आपली पीकसंरक्षणाची ठासणीची. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, ते ठीक. पण २०२४ ला आचारसंहिता लागली १५ ऑक्टोबरला. भात कापणीला आलेलं, डुकरं रात्री शेतात आणि बंदूक जमा करायची ठाण्यात!

सरसकट जमा करा असा नियम नाही. जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवाना बघून ठरवते. म्हणून पुढच्या निवडणुकीआधीच ग्रामसभेचा ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. परवाना नंबर इथे कमेंटमध्ये टाकू नका, झेरॉक्स घेऊन सभेला या.